खंडेनवमीला धुतलेलं यंत्र

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा, दिवाळीत वाचकांना जड काही नको असतं. मी हो म्हटलं. गमती आहेतच माझ्याकडे. एकदा एक बडे पाहुणे आमचा प्लांट पाहायला आले आणि म्हणाले, यातला एक जंतू दाखवा बघू. मी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. त्यांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं आणि विचारलं, एवढ्याशा जिवासाठी एवढा खांब कशाला उभारला? ही झाली गंमत. पुढचं लिहिते आहे ते गमतीचं नाही, आणि ते लिहिताना माझा राग अजून शांत झालेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी बावीस वर्षं एका कारखान्याची प्रयोगशाळा सांभाळली. यवतमाळहून बाभुळगावकडे जाताना तो लागतो. कपाशीवर फवारायची औषधं तिथे मोठ्या ड्रममधून येतात, मिसळली जातात आणि बाटल्यांत भरून बाहेर जातात. औषध म्हणायचं आपलं, आहे ते विषच. ड्रम रिकामा झाला की तो धुवावा लागतो, आणि त्या धुवणाचं काय करायचं हा माझा धंदा. ते पाणी ताकासारखं दिसतं. निवळलं की अगदी स्वच्छ दिसतं, आणि तेव्हाच त्याची जास्त भीती. कारखान्यामागे नाला आहे, नाल्याकाठी लोकांच्या बकऱ्या चरतात, वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावलेले जमिनीचे तुकडे आहेत. ज्याला दिसतच नाही तो त्या पाण्याला भिणार कसा?

हे पाणी साफ करायला आमच्याकडे एक यंत्र होतं. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, आम्ही त्याला शेवयांची टाकी म्हणायचो. माणसाच्या उंचीचा पारदर्शक नळकांड्यासारखा खांब, आणि त्यात हजारो पांढऱ्या नळ्या, शेवयांइतक्या बारीक. प्रत्येक शेवई आतून पोकळ. तिच्या भिंतीला इतकी बारीक छिद्रं, की त्यातून पाणी आणि पाण्यात विरघळलेलं विष पलीकडे जातं, पण जंतू जाऊ शकत नाही. धुवण शेवयांच्या आतून वाहतं. शेवयांच्या बाहेर, खांबाच्या पोकळीत, जंतू कोंडलेले असतात. ते बसल्या जागी विष खातात आणि पाण्याबरोबर वाहून जात नाहीत. सगळी युक्ती एवढीच आहे. मोकळ्या टाकीत जंतू सोडले तर निम्मे रोज पाण्याबरोबर नाल्यात जातात आणि आपण नवे आणत बसतो.

सुरुवातीला आम्ही जंतूही भरले नव्हते. पुण्याच्या सल्लागारांनी नुसतं एन्झाइम भरून दिलं होतं. एन्झाइम म्हणजे जंतूच्या पोटातली कात्री, जी विषाचे तुकडे करते. महिनाभर कात्री झकास चालली, मग बोथट झाली. कात्रीला कात्री होत नाही. सल्लागारांनी दुसरी पुडी पाठवली, मग तिसरी. शेवटी मी वैतागले आणि ड्रमच्या शेडखालची माती खणून आणली. तिथे कित्येक वर्षं औषध सांडत होतं. मी म्हटलं, या मातीत जे अजून जगून आहे, त्याला हे विष पचत असणार. बाटल्यांत ती माती घालून जंतूंना दुसरं काहीच खायला दिलं नाही, फक्त औषध. बहुतेक मेले. जे उरले ते दोन महिने वाढवले आणि शेवयांभोवती सोडले. त्यानंतर पुण्याहून पुडी मागवावी लागली नाही. या एका गोष्टीचा मला आजही गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

आता हनीफभाई. ते प्लांटचे ऑपरेटर. यवतमाळात त्यांच्या घरी तीन पिढ्या मोटारी बांधण्याचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळण्याचं काम. दहावीनंतर शिक्षण नाही, पण कानाने मोटारीचा आजार ओळखायचे. जंतूंना ते ढोरं म्हणायचे. ड्रम धुवायचे नसतील त्या दिवशी जंतूंना काही खायला हवं म्हणून आम्ही गुळाचं पाणी द्यायचो, आणि हनीफभाई ते स्वतः कालवायचे. हवा भरणारा ब्लोअर दहा मिनिटं जरी बंद पडला तरी ते जेवण सोडून पळत. एखादी शेवई फाटली की जंतू बाहेर जाणाऱ्या पाण्यात येतात, आणि हजारांत फाटलेली शोधायची म्हणजे दिवस जातो. खांबात हवा दाबून पाण्यात बुडबुडे कुठून येतात ते पाहायचं, आणि ती नळी दोन्ही टोकांना बुजवायची. त्यासाठी परदेशी पिना यायच्या, त्या संपल्या की काम अडायचं. हनीफभाईंनी बांधावरच्या बाभळीचे काटे आणले, टोकाला चिकटवणी लावली आणि ठोकले. सल्लागार हसले. मग त्यांनीच मोबाइलवर फोटो काढून नेला.

बाहेर जाणारं पाणी एका छोट्या हौदातून जायचं, पुढे एक झडप आणि मग नाला. त्यात आम्ही गप्पी मासे सोडले होते. माझ्या तपासण्यांना वेळ लागतो, माशाला लागत नाही. मासा पोहतो आहे तोवर पाणी नाल्यात जाऊ शकतं, असा आमच्या दोघांचा नियम होता.

कारखान्यातली खंडेनवमी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. त्या दिवशी एकही यंत्र चालत नाही. आदल्या दिवशी सगळी यंत्रं धुवून पुसून लख्ख करायची, नवमीला हळदकुंकू, झेंडू, नारळ. त्या दिवशी यंत्र चालवलं तर त्याचा अपमान होतो, असं सगळे मानतात, मीही मानते. झेंडूची टोपली दरवर्षी हनीफभाई बाजारातून आणायचे आणि यंत्रांच्या मोटारींना माळा स्वतः घालायचे. पण शेवयांची टाकी मी त्या दिवशी कधी बंद करू दिली नाही. मी म्हणायचे, हे यंत्र नाही, गोठा आहे. गोठ्याला सुट्टी नसते. खांबाला बाहेरून कुंकू लागायचं, आत ब्लोअर चालू राहायचा. जुन्या मॅनेजरांना ते पटलं होतं.

मग नवे मॅनेजरसाहेब आले. माणूस हुशार, आधी पिण्याच्या पाण्याच्या फिल्टर प्लांटवर काम केलेलं. तिथेही अशाच पोकळ नळ्या असतात, पण त्यांचं काम नुसतं गाळण्याचं. त्यांच्यावर चिकट थर चढला की तो घाण असतो आणि क्लोरीनच्या पाण्याने धुवून टाकायचा असतो, तेच तिथलं शिस्तीचं काम. आमच्या शेवयांवरही तपकिरी, बुळबुळीत थर होता. आमचा तो थर म्हणजेच जंतू. मी त्यांना पहिल्या आठवड्यात हे सगळं समजावून सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली होती. साहेब लोकांचं मान हलवणं आणि ऐकणं ही दोन वेगळी कामं आहेत.

त्या वर्षी नागपूरहून शेठ स्वतः पूजेला येणार होते. मी रजेवर होते, वणीला बहिणीकडे. अष्टमीला मॅनेजरसाहेब प्लांटवर फिरले. सगळं चकाचक, आणि मधोमध हा मळकट खांब. त्यांनी हनीफभाईंना सांगितलं, क्लोरीनचा ड्रम तिथेच आहे, यात सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी पांढरं दिसलं पाहिजे. हनीफभाई नाही म्हणाले. साहेब म्हणाले, तुम्हाला विचारलं नाही.

खांब धुतला गेला.

नवमीला शेठ आले, त्या पांढऱ्याशुभ्र खांबापुढे त्यांनी नारळ फोडला, आणि म्हणाले, याला म्हणतात मेन्टेनन्स. हे मला नंतर तिघांनी सांगितलं, तिघांनीही तेच शब्द सांगितले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कारखाना सुरू झाला. बोंडअळीची फवारणी जोरात होती, ड्रम रांगेने उभे होते. धुवण शेवयांतून गेलं आणि जसं आत गेलं तसंच बाहेर आलं. दुपारपर्यंत गप्पी मासे उलटे झाले.

मी त्याच दुपारी पोचले. फाटकातून आत येतानाच दिसलं की सगळे प्लांटकडे जमलेत. हनीफभाई नाल्याच्या झडपेपाशी बसलेले. त्यांनी झडप बंद केली होती, तिचं हँडल काढून खिशात घातलं होतं आणि वर बसले होते. मॅनेजरसाहेब ओरडत होते, की धुवणाची टाकी भरत आली, वॉशिंग बंद पडेल, शेठना मी काय सांगू. हनीफभाई एवढंच म्हणत होते की मॅडम येतीन तवा पाहू. मी खांबाकडे पाहिलं. दोन महिने वाढवलेलं आणि नऊ वर्षं सांभाळलेलं सगळं गेलं होतं. काच पुसावी तसं स्वच्छ. कुंकवाचं बोट तेवढं होतं. मला रडू आलं नाही, राग आला, इतका की हातातली पिशवी मी जमिनीवर आदळली आणि तिच्यातली बहिणीने दिलेली लोणच्याची बरणी फुटली.

फ्रिजमध्ये मूळ जंतूंच्या चार कुप्या मी जपून ठेवलेल्या होत्या, म्हणून तीन आठवड्यांत प्लांट पुन्हा उभा राहिला. तोवर ड्रम धुणं बंद, म्हणजे भरणं बंद, आणि तेही ऐन हंगामात. याच काळात ज्या मोठ्या कंपनीचा माल आम्ही भरून द्यायचो तिची माणसं पाहणीला आली. माशांचा हौद त्यांच्या कागदावर होता, मासे दिसायला हवे होते. मॅनेजरसाहेबांनी हौदात बोअरचं पाणी भरलं आणि ड्रायव्हरला मासे आणायला शहरात पाठवलं. गप्पी मिळाले नाहीत म्हणून तो काचेच्या पेटीतले लाल शोभेचे मासे घेऊन आला. पाहुण्यांना ते फार आवडले. त्यांनी हौदाशेजारी उभं राहून फोटो काढले, आणि त्या फोटोत मी आहे. पुढे त्याच फोटोवर कारखान्याला पर्यावरणाचं कसलंसं मानचिन्ह मिळालं. ते अजून ऑफिसच्या भिंतीवर आहे.

नाल्यात काही झालं नाही. एक बकरी मेली नाही, कोणाला उलटी झाली नाही. हनीफभाईंचं दुर्दैव हेच. काही झालं असतं तर गावचे लोक आले असते, चौकशी बाहेरून झाली असती, कोणी क्लोरीन ओतायला लावलं ते विचारलं गेलं असतं. झडप वेळेवर बंद झाली म्हणून नाल्यात काहीच घडलं नाही, आणि मागे उरलं ते फक्त कारखान्याचं नुकसान. नुकसानाला कोणाचं तरी नाव लागतं.

कारखान्यात कुजबुज सुरू झाली. एक शिपाई तर म्हणाला, सणाच्या दिवशीच बरं धुतलं त्यानं. हा माणूस दर ईदला हनीफभाईंच्या घरचा शीरखुर्मा डबा भरून घरी न्यायचा. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. तेवढं धाडस माझ्यात होतं. शिपायावर ओरडायचं धाडस सगळ्यांतच असतं.

मग मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टाइप केलेला कागद समोर ठेवला. ऑपरेटरने प्रयोगशाळेची परवानगी न घेता, स्वतःच्या मर्जीने, जंतुनाशक वापरून संयंत्र निकामी केले. खाली दोन सह्यांची जागा, त्यांची आणि माझी. वर हनीफभाईंचं नाव पूर्ण लिहिलेलं. हनीफभाई तिथेच भिंतीशी उभे होते.

इतका वेळ जे लिहायचं टाळत होते ते आता लिहिते. अष्टमीला साहेबांनी हुकूम दिल्यावर हनीफभाईंनी मला वणीला फोन केला होता. मी ताटावर होते, घरात पाहुणे होते, टीव्ही चालू होता. ते म्हणाले, "मॅडम, सायेब यंत्र धुवाले सांगून राह्यले. ढोरं मरतीन न." मी नीट ऐकलंही नाही. मला वाटलं, बाहेरून धुवायचं असेल, नेहमीसारखं. आणि मी म्हणाले, "साहेब म्हणतात तसं करा, हनीफभाई. मी आले की पाहू." फोन ठेवला आणि पुरणपोळीवर तूप वाढून घेतलं. त्यांनी विरोध केला होता, मग माझ्याकडे दाद मागितली होती, आणि परवानगी मी दिली होती. प्रयोगशाळेची परवानगी.

केबिनमध्ये मी हनीफभाईंकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते. त्यांनी फोनचा शब्दही काढला नाही. साहेब म्हणाले, मॅडम, फॉर्मॅलिटी आहे, उद्या दुसरीकडे लागतील ते, चांगले मेकॅनिक आहेत. मी सही केली. घाबरून केली, दुसरं काही कारण नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि फोनची गोष्ट निघाली तर त्या कागदावर माझंही नाव येणार होतं. नऊ वर्षं माझ्या जंतूंना गूळपाणी देणारा माणूस त्या दिवशी डबा घेऊन फाटकाबाहेर गेला.

निवृत्तीच्या दिवशी मला शाल, श्रीफळ मिळालं. मॅनेजरसाहेबांनी भाषणात सांगितलं की संकटात मॅडमनी प्लांट वाचवला. टाळ्या झाल्या. मी नमस्कार केला आणि खाली बसले. आज ते आठवलं की मॅनेजरवर जेवढा संताप येतो त्याहून जास्त त्या नमस्काराचा येतो. मॅनेजरने चूक केली ती न कळून केली. मला सगळं कळत होतं. जंतू काय खातो, किती खातो, कशाने मरतो हे मी बावीस वर्षं लोकांना समजावलं, आणि एका वाक्यात खरं सांगायचं होतं तेव्हा माझी वाचा बसली.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी आर्णी नाक्याकडे हनीफभाईंच्या दुकानात गेले. मोटारी बांधायचं छोटं दुकान आहे. तांब्याच्या तारेचं वेटोळं मांडीवर घेऊन बसले होते. मला पाहून उठले, स्टूल पुसलं, चहा मागवला. दुसरीकडे लागले नाहीतच. दोन कारखान्यांत गेले होते, दोन्हीकडे आधीच फोन गेलेला. "मी जायच्या आंधी तो कागद पोचते," असं म्हणाले, जणू पावसाबद्दल बोलत होते. त्यांच्या शांतपणाचाही मला राग आला. मी विचारलं, त्या दिवशी केबिनमध्ये तुम्ही फोनचं काहून नाही सांगितलं? बोलता बोलता माझ्याही 'का'चं काहून झालं.

त्यांनी तार बाजूला ठेवली.

"मले वाटलं तुमी सांगसान," ते म्हणाले.

चहा आला. मी म्हटलं, की मी हे सगळं लिहिणार आहे, दिवाळी अंकात छापून येईल. तुम्हाला त्रास नको म्हणून तुमचं नाव बदलते, गावही बदलते, कोणाला कळणार नाही.

हनीफभाईंनी माझ्याकडे पाहिलं, तसंच, केबिनमध्ये पाहिलं होतं तसं.

"लिहा न, मॅडम. पन नाव कायले बदलता? त्या कागदावर तं पूरं लिवलं होतं."

म्हणून पूर्ण लिहिते. शेख हनीफ शेख करीम, ऑपरेटर, यांनी स्वतःच्या मर्जीने यंत्र धुतलेलं नाही. त्यांना मॅनेजरचा हुकूम होता. त्यांनी नकार दिला, आणि मग प्रयोगशाळेला फोन करून विचारलं. प्रयोगशाळेने परवानगी दिली. प्रयोगशाळा म्हणजे मी. विषारी पाणी नाल्यात जाऊ नये म्हणून झडप त्यांनी बंद केली, आणि ती बंद करा असं त्यांना कोणीही सांगितलेलं नव्हतं. याआधी मी ज्या कागदावर सही केली तो खोटा होता. या कागदावर दुसऱ्या सहीची जागा नाही.

सुमन वानखडे
प्रयोगशाळा प्रमुख (निवृत्त)